नाशवंत औषधाची काटकसर

"थेंबें थेंबें तळें सांचे" ही म्हण आपल्यापैकीं प्रत्येकानें लहानपणीं ऐकलेली आहे आणि बहुतेक घरांतील हिशेबाची वही याच म्हणीवर चालते. धान्य कणगींत राहतें, लोणचें बरणींत राहतें, पैसा पेढींत राहतो. आज वांचविलेलें उद्यां उपयोगीं पडतें. परंतु आज ज्या द्रव्याविषयीं मी बोलणार आहें त्याला ही म्हण मुळींच लागू पडत नाहीं. तें न वापरतां शिशाच्या पेटींत कुलूप लावून ठेवलें तरी सहा तासांत निम्में नाहींसें होतें, बारा तासांत पाव उरतें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं सोळा भागांपैकीं एकच भाग हातीं राहतो. या द्रव्याचें नांव टेक्नीशियम. मूत्रपिंडांचें काम चालू असतांना त्यांचें चित्र घेण्यास जगांत बहुतेक ठिकाणीं याच किरणोत्सर्गी द्रव्याचा उपयोग करतात. असें द्रव्य जेव्हां कमी पडूं लागतें तेव्हां तें पुरवून कसें वापरावयाचें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हें चित्र कशासाठीं लागतें तें पाहूं. निरोगी माणसाच्या हृदयांतून दर मिनिटास जें रक्त बाहेर पडतें त्याचा सुमारें पांचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे जातो. तेथें दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर पाणी गाळलें जातें, आणि त्यांतील दीड-दोन लिटर सोडून बाकीचें सर्व शरीर परत घेतें. हें काम नीट चाललें आहे कीं नाहीं हें रक्ताच्या तपासणीवरून समजतें. परंतु ती तपासणी दोन्ही मूत्रपिंडांचा एकत्र जमाखर्च सांगते. दोघां भावांच्या समाईक दुकानाचा नफा कळला म्हणून कोणता भाऊ राबतो आणि कोणता गादीवर लोळतो हें कळत नाहीं, तसेंच हें आहे. सोनोग्राफीनें मूत्रपिंडाचा आकार, त्यांतील खडा, त्याला आलेली सूज हीं दिसतात. पण तें सुजलेलें मूत्रपिंड किती काम करीत आहे हें तिला सांगतां येत नाहीं.

आणि नेमका हाच प्रश्न पुष्कळदां निर्णायक असतो. एखाद्या तान्ह्या मुलाच्या एका मूत्रपिंडाची वाट जन्मतःच अरुंद असते आणि मूत्र तुंबून तें फुगतें. शस्त्रक्रिया करावयाची कीं थांबावयाचें? अशा वेळीं पुष्कळ शल्यवैद्य असा संकेत पाळतात कीं, त्या मूत्रपिंडाचा वांटा एकूण कामाच्या शेंकडा ४० च्या खालीं गेला, किंवा एका तपासणीपासून दुसरीपर्यंत बराच घसरला, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. तोच वांटा शेंकडा १० च्याहि खालीं गेला असेल तर तें मूत्रपिंड राखण्यांत अर्थ आहे कीं तें काढून टाकणें बरें, असा प्रश्न उभा राहतो. एका आंकड्यावर एका अवयवाचें भवितव्य ठरतें. म्हणून औषध थोडें आहे, चित्र पुसट आलें तरी चालवून घ्यावें, असें म्हणण्याची सोय येथें नाहीं.

टेक्नीशियमला स्वतःला मूत्रपिंडाची ओळख नसते. त्याला एखाद्या वाहकाच्या पाठीवर बसवून तेथें पाठवावें लागतें. असे वाहक मुख्यतः तीन आहेत. पहिला डीटीपीए, हा रक्तांतून केवळ गाळला जातो, आणि मूत्रपिंडांतून एकदां रक्त गेलें म्हणजे त्यांतील सुमारें पांचवा हिस्सा मागें राहतो. दुसरा मॅग-थ्री, याला मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांच्या पेशी आपण होऊन ओढून घेतात, त्यामुळें एका फेरींत निम्म्याच्या आसपास भाग पकडला जातो. हे दोन्ही वाहक थोड्याच वेळांत मूत्राबरोबर बाहेर पडतात; त्यांचें येणें आणि जाणें यांचा आलेख काढला म्हणजे मूत्रपिंडाची चाल आणि मूत्राच्या वाटेंतील अडथळा हीं दोन्ही समजतात. तिसरा वाहक डीएमएसए. हा मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरांत जाऊन बसतो आणि तेथें तासन्‌तास राहतो. त्या थरावर जंतुदोषानें व्रण पडला असेल तर तेवढी जागा चित्रांत रिकामी दिसते. शरीरांतून निघणारे गॅमा किरण सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर टिपणारा कॅमेरा अमेरिकेंत हॅल अँगर यानें १९५० नंतरच्या दशकांत सिद्ध केला; आजचे पुष्कळ कॅमेरे त्याच तत्त्वावर चालतात.

आतां हें टेक्नीशियम येतें कोठून? पृथ्वीच्या पोटांत खाण खणून तें मिळत नाहीं. १९३७ सालीं इटलींतील पालेर्मो येथें एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनीं मोलिब्डेनम धातूच्या एका पत्र्यांत तें शोधून काढलें. तो पत्रा अमेरिकेंतील बर्कले येथल्या सायक्लोट्रॉन यंत्रांत कणांचा मारा खाऊन आलेला होता. मनुष्यानें प्रथम कृतीनें निर्माण केलेलें हें मूलद्रव्य, म्हणून "कृत्रिम" या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पुढें त्याला नांव मिळालें. रुग्णालयास लागणारा त्याचा प्रकार मोलिब्डेनमच्या एका किरणोत्सर्गी जातीपासून सतत उपजत असतो. त्या मोलिब्डेनमचें अर्धायुष्य सुमारें ६६ तासांचें आहे. म्हणजे तें प्रवास सहन करूं शकतें. तें एका लहान नळकांड्यांत बसवून, भोंवतीं शिशाचें कवच घालून रुग्णालयांत पाठवितात. त्यांतून मिठाचें शुद्ध पाणी ओढून घेतलें कीं, त्या पाण्याबरोबर टेक्नीशियम उतरतें आणि मोलिब्डेनम मागें राहतें. ही युक्ति अमेरिकेंतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेंत १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निघाली. तेथील लोकांनीं या उपकरणाला लाडानें "गाय" म्हटलें, आणि तें नांव रूढ झालें. आपणहि त्या क्रियेला धार काढणें असेंच म्हणूं.

ही गाय दर आठवड्याला नवी आणावी लागते, आणि तिच्यासाठीं लागणारें मोलिब्डेनम जगांतील मोजक्याच अणुभट्ट्यांत तयार होतें. त्यांतील पुष्कळ भट्ट्या जुन्या आहेत. कॅनडांतील चॉक रिव्हर येथील भट्टी १९५७ पासून चालू होती. मे २००९ मध्यें तिच्या पात्रांतून जड पाणी गळत असल्याचें आढळलें आणि ती जी बंद झाली ती ऑगस्ट २०१० मध्यें पुन्हां सुरू झाली. तेवढ्यांत हॉलंडांतील पेटन येथील १९६१ सालची भट्टी दुरुस्तीसाठीं फेब्रुवारी २०१० पासून सप्टेंबरपर्यंत थांबवावी लागली. या दोन भट्ट्या मिळून जगाचा निम्म्याहून अधिक पुरवठा करीत असत. पोलंडांतील "मारिया" या भट्टीनें त्याच वर्षीं हें काम अंगावर घेतलें म्हणून थोडा आधार मिळाला. तरीहि कित्येक देशांतील रुग्णालयांत गाय उशिरां येई, किंवा येई ती अर्ध्या दुधाची येई. चॉक रिव्हरची भट्टी मार्च २०१८ मध्यें कायमची विझली. पेटनची भट्टी ऑक्टोबर २०२४ मध्यें एका नळाचा आकार बिघडल्यामुळें ठरल्या दिवशीं सुरू होऊं शकली नाहीं आणि पुन्हां कांहीं आठवडे ओढाताण झाली. म्हणजे ही एका वर्षाची आपत्ति नव्हे. ती मधूनमधून येणारी अवर्षणासारखी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीं रीत ठरवून ठेवणें हेंच शहाणपण होय.

आपल्याकडे मुंबईजवळ तुर्भे येथें ध्रुव ही भट्टी १९८५ सालीं प्रथम पेटली, आणि अशा द्रव्यांचा पुरवठा करण्याचें काम परमाणु ऊर्जा खात्याचें "ब्रिट" या आद्याक्षरांनीं ओळखलें जाणारें मंडळ नवी मुंबईंतील वाशी येथून करतें. परळ येथें याच खात्याचें रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. भारतांत मोलिब्डेनमच्या द्रावणांतून मिथाइल एथिल कीटोन या द्रवानें टेक्नीशियम वेगळें काढण्याची एक निराळी पद्धतहि पुष्कळ वर्षें चालत आलेली आहे. परंतु गाय कोणत्याहि जातीची असो, तिच्या दुधाला काळाचा नियम एकच लागतो.

आतां काटकसरीच्या रीतींकडे वळूं. पहिली रीत घड्याळाची. एक हिशेब करूं. समजा, पांच रोगी आहेत आणि प्रत्येकास चार मिलिक्युरी औषध द्यावयाचें आहे. सकाळीं आठपासून दोन-दोन तासांच्या अंतरानें त्यांना बोलावलें, तर शेवटच्या रोग्याची पाळी दुपारीं चार वाजतां येईल. त्याला चार मिलिक्युरी मिळावयास हव्या असतील तर त्याच्यासाठीं सकाळीं आठ वाजतां दहा मिलिक्युरी राखून ठेवाव्या लागतील. सहा मिलिक्युरी कोणाच्याहि उपयोगीं न पडतां कुपींतच विरून जातील. पांचांचा मिळून सकाळचा खर्च साडेतेहतीस मिलिक्युरी होईल. तेच पांच रोगी पाऊण-पाऊण तासांनीं एकापाठोपाठ आणले तर अकरा वाजतां काम संपेल आणि खर्च चोवीस मिलिक्युरी येईल. उरलेल्या साडेनऊंत सहावा रोगी सहज बसतो. येथें एका थेंबाचीहि मात्रा कमी केलेली नाहीं. केवळ रांग नीट लावली.

दुसरी रीत धारेची. गायीची धार काढल्यावर तिच्यांत टेक्नीशियम पुन्हां भरूं लागतें आणि सुमारें एका दिवसांत तें पुरतें भरतें. पण भरण्याची गति आरंभीं जलद आणि पुढें मंद असते. सकाळीं धार काढून पुन्हां सहा तासांनीं काढली तर पूर्ण दिवसाच्या धारेच्या जवळजवळ शेंकडा ६० दूध मिळतें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळची धारहि फारशी कमी होत नाहीं. दोन धारा मिळून दिवसाची प्राप्ति दीडपटीच्या आसपास जाते. मात्र गाय रोज सुमारें शेंकडा २२ नें आटत जाते. सोमवारची गाय शुक्रवारीं तिसऱ्या हिश्शाहून थोडें अधिक दूध देते. म्हणून जास्त मात्रा लागणाऱ्या तपासण्या आठवड्याच्या आरंभीं आणि थोडक्यांत भागणाऱ्या शेवटीं ठेवणें रास्त.

येथें मूत्रपिंडाची एक सोय ध्यानांत येते. हाडांच्या चित्राला एका रोग्यामागें वीस मिलिक्युरींच्या आसपास टेक्नीशियम लागतें. तेवढ्यांत मूत्रपिंडांचे चार-पांच रोगी होतात. शिवाय हाडांचें चित्र फ्लोरीनच्या किरणोत्सर्गी जातीनें दुसऱ्या प्रकारच्या कॅमेऱ्यावर घेतां येतें, आणि हृदयाच्या चित्राला पूर्वींपासून थॅलियम आहेच. २००९-१० च्या टंचाईंत पुष्कळ रुग्णालयांनीं हाच मार्ग धरला. ज्यांना दुसरें दार उघडें आहे त्यांना त्या दारानें पाठवावें आणि ज्यांना नाहीं त्यांच्यासाठीं हें दार मोकळें ठेवावें, हा न्याय घरांतील पाण्याच्या टंचाईलाहि आपण लावतों. धुण्याला विहिरीचें पाणी आणि पिण्याला नळाचें.

तिसरी रीत मात्रेची, आणि ती थोडी नाजूक आहे. पाऊस पडत असतां अंगणांत दोन ताटें ठेवून कोणत्या ताटावर अधिक थेंब पडतात हें मोजावयाचें आहे असें समजा. चार-दोन थेंबांवरून कांहींच ठरवितां येणार नाहीं; तो केवळ योगायोग असेल. शंभर थेंब मोजले तर दहांचा फरक योगायोगानें पडूं शकतो. दहा हजार मोजले तर शंभराचा, म्हणजे शेंकडा एकाचा. कॅमेऱ्यावर पडणारे किरण असेच मोजले जातात. औषध चौथाईवर आणलें तर ही अनिश्चितता चौपट होत नाहीं, दुपटीवर जाते. उलट औषध निम्में करून दुप्पट वेळ मोजलें तर अनिश्चितता पूर्वींइतकीच राहते. म्हणजे औषधाऐवजीं वेळ खर्च करतां येतो.

डीएमएसएच्या बाबतींत ही अदलाबदल सरळ आहे, कारण तो वाहक जागचा हलत नाहीं. पांच मिनिटांच्या चित्राला दहा मिनिटें दिलीं कीं झालें. अट एवढीच कीं, रोग्यानें तेवढा वेळ स्वस्थ पडून राहिलें पाहिजे. आणि दोन वर्षांच्या मुलाला दहा मिनिटें स्वस्थ ठेवणें हें कोणत्याहि भौतिकशास्त्रापेक्षां अवघड काम आहे. मॅग-थ्री आणि डीटीपीए यांच्या बाबतींत मात्र वेळ आपल्या हातीं नसतो. औषध आलें, भरलें आणि निघून गेलें, हा प्रवास मूत्रपिंड आपल्याच गतीनें करणार. आपण त्याला थांब म्हणूं शकत नाहीं. तरीहि कांहीं जागा मोकळी आहे. उजव्या-डाव्याचा वांटा इंजेक्शन दिल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाच्या मोजणीवरून काढतात. त्या अवधींत दोन्ही मूत्रपिंडांतून मिळून दहा हजार किरण मोजले गेले, आणि एकाचा वांटा शेंकडा ४० असला, तर केवळ योगायोगामुळें येणारी चूक अर्ध्या टक्क्याची असते. औषध चौथाईवर आणून अडीच हजार किरण मोजले तर ती एक टक्क्याची होते. पडद्यावर मूत्रपिंडाची कड आंखणारा हात बदलला तरी याहून अधिक फरक पडूं शकतो. म्हणून चांगल्या चालणाऱ्या मूत्रपिंडांच्या बाबतींत जुन्या संवयीच्या मोठ्या मात्रा खालीं आणण्यास खरोखर वाव होता, आणि टंचाईनें तो दाखवून दिला.

सर्वांत खर्चिक असतें तें पहिलें मिनिट. रक्ताची लाट मूत्रपिंडांत कशी शिरते हें पाहण्यासाठीं एक-दोन सेकंदांचीं चित्रें घ्यावीं लागतात, आणि इतक्या अल्प वेळांत पुरेसे किरण मिळावयास मात्रा वाढवावी लागते. उत्तर अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं २०१० सालीं मुलांसाठीं जी मात्रा एकमतानें ठरविली तींत हें स्पष्ट दिसतें. मॅग-थ्री लाटेच्या चित्राविना वजनाच्या दर किलोस एक दशांश मिलिक्युरी, आणि लाटेच्या चित्रासह त्याच्या दीडपट. नवें मूत्रपिंड बसविलेल्या रोग्याला तें चित्र हवेंच असतें. परंतु अरुंद वाटेच्या सामान्य तपासणींत तें पुष्कळदां केवळ रिवाज म्हणून घेतलें जातें. रिवाज सोडला कीं तिसरा हिस्सा औषध वांचतें. तसेंच, मॅग-थ्रीला मूत्रपिंड अधिक वेगानें पकडतें, म्हणून डीटीपीएपेक्षां थोड्या मात्रेंत तितकेंच स्पष्ट उत्तर मिळतें.

परंतु याच नियमावलींत एक किमान मर्यादाहि घातलेली आहे. डीएमएसएची मात्रा दर किलोस अर्धा दशांश मिलिक्युरी. त्या हिशेबानें चार किलोच्या अर्भकास पंचमांश मिलिक्युरी पुरावी. तरीहि नियम सांगतो कीं, अर्ध्या मिलिक्युरीच्या खालीं जाऊं नये. कारण त्याखालीं गेल्यास किरण इतके विरळ होतात कीं, मूल निजून राहील तेवढ्या वेळांत चित्र पुरें होत नाहीं. ज्या मूत्रपिंडाचें काम फारच मंदावलें आहे त्याचीहि गोष्ट हीच. त्याचे स्वतःचे किरण थोडे आणि भोंवतालच्या शरीराचे अधिक. एकांतून दुसरें वजा करतांना लहान आंकडा हातचा निसटतो. आणि शेंकडा १० चा प्रश्न नेमका अशाच मूत्रपिंडाविषयीं विचारला जातो. जेथें प्रश्न सर्वांत अवघड, तेथें मात्रेवर हात आखडावयाचा नाहीं. ती मात्रा सोप्या प्रश्नांच्या वांट्यांतून वांचवून ठेवावयाची.

चौथी रीत कुपीची. वाहक द्रव्य कोरड्या पुडीच्या रूपानें लहान कुपींत येतें आणि रुग्णालयांत त्यांत टेक्नीशियम मिसळतात. एका कुपींत अनेक रोग्यांचें औषध होतें; पण तें तयार झाल्यापासून थोड्याच तासांत वापरावें लागतें. म्हणून मंगळवारीं एक आणि गुरुवारीं एक असे रोगी न बोलावतां सर्वांना एकाच दिवशीं बोलावणें ही उघड बचत आहे. कित्येक ठिकाणीं याहून पुढें जाऊन पूड क्षारजलांत विरघळवून तिचे भाग करतात आणि ते गोठवून ठेवतात. यांत धोका आहे तो हवेचा. त्या पुडींत कथिलाचा एक क्षार असतो; टेक्नीशियमला वाहकाशीं बांधून देण्याचें काम तो करतो. हवा लागली कीं तो निकामी होतो आणि टेक्नीशियम मोकळेंच राहतें. मोकळें टेक्नीशियम मूत्रपिंडाकडे न जातां गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि, लाळेच्या ग्रंथि आणि जठर यांच्याकडे धांव घेतें. डीएमएसएचें तर रूपच पालटतें आणि तें मूत्रपिंडांत नीट बसत नाहीं. म्हणून अशा प्रत्येक भागाची, रोग्याला देण्यापूर्वीं, कागदाच्या पट्टीवर शुद्धतेची परीक्षा झालीच पाहिजे. ती करण्याची सोय व शिस्त नसेल तर कुपी फोडून तिचे तुकडे करूं नयेत. ती काटकसर नव्हे. तो नासाडीचा लांबचा रस्ता आहे.

पांचवी रीत क्रमाची. कोणाला आज आणि कोणाला नंतर? येथें वैद्यकानेंच कांहीं उत्तरें देऊन ठेवलीं आहेत. मूत्रपिंडाला जंतुदोष झाल्यावर लगेच डीएमएसएचें चित्र घेतलें तर ताजी सूजहि व्रणासारखीच दिसते. कायमचा व्रण कोणता हें कळण्यास सुमारें सहा महिने जावे लागतात. म्हणजे अशा मुलाला थांबविण्यांत त्याचें नुकसान तर नाहींच, उलट उत्तर अधिक खरें मिळतें. नव्या मूत्रपिंडाला अचानक आलेला बिघाड, किंवा तुंबलेल्या मूत्रपिंडाची शस्त्रक्रिया ठरविणें, यांना मात्र थांबवितां येत नाहीं. आणि जेथें सोनोग्राफीनेंच शंका फिटते तेथें हें औषध काढूंच नये.

या सर्व रीतींचा मथितार्थ मला असा वाटतो. औषध वांचविणें म्हणजे प्रत्येकाच्या वांट्याला सारखेंच पाणी घालून देणें नव्हे. पुसट चित्रावरून उत्तर निघालें नाहीं तर तपासणी पुन्हां करावी लागते, आणि मग अर्ध्या मात्रेऐवजीं दोनदां मात्रा खर्च होते. शिवाय मुलाला दुसरी सुई, आई-बापांना दुसरा हेलपाटा आणि निर्णयाला उशीर. सर्वांत महाग चित्र तें, जें दुसऱ्यांदा घ्यावें लागतें. खरी बचत होते ती वाया जाणाऱ्या काळाची, संवयीच्या जादा मात्रेची, अनावश्यक तपासणीची आणि फुकट जाणाऱ्या कुपीची, उत्तराची नव्हे. आणि या बचतीचा एक लाभ टंचाई संपल्यावरहि राहतो. चार मिलिक्युरी मॅग-थ्रीमुळें प्रौढ मनुष्याच्या शरीराला सुमारें एक मिलिसीव्हर्ट किरणमात्रा पोंचते. निसर्गाकडून आपणां सर्वांना वर्षाकाठीं सरासरीनें त्याच्या दुपटीहून थोडी अधिक मिळतच असते. म्हणजे तपासणी भीतीची नाहीं. तरीहि थोडक्यांत भागत असेल तर थोडकेंच द्यावें, हें चांगलें.

शेवटीं, श्रोतेहो, या काटकसरींत आपलाहि वांटा आहे. घरांतील कोणाला अशी तपासणी सांगितली तर वेळेवर जा. अर्ध्या तासाचा उशीर झाला तरी आपल्यासाठीं भरून ठेवलेल्या औषधाचा अठरावा भाग तेवढ्यांत विरतो, आणि मुळींच गेलां नाहीं तर सगळाच. येणें होणार नसेल तर आदल्या दिवशीं कळवा. आपली पाळी दुसऱ्या कोणाला मिळेल. रुग्णालयानें सांगितल्याप्रमाणें पाणी पिऊन जा, कारण शरीर कोरडें असलें कीं चांगलें मूत्रपिंडहि सुस्त दिसतें. तपासणीपूर्वीं लघवीला जाऊन या. भरलेल्या मूत्राशयामुळें वरची वाट अडल्याचा भास होतो. लहान मुलाला आवडतें खेळणें बरोबर द्या आणि सुई टोंचतांना त्याचा हात स्थिर धरा. मूल हललें आणि औषध शिरेबाहेर गेलें तर दूर देशाच्या भट्टीपासून आपल्या गांवापर्यंत झालेला सारा खटाटोप त्या एका क्षणीं व्यर्थ जातो.

या द्रव्याची सांठेबाजी कोणालाहि करतां येत नाहीं, हा त्याचा एक गुणच म्हणावा लागेल. श्रीमंताच्या तिजोरींतहि तें सहा तासांत निम्मेंच होणार. जें सांठवितां येत नाहीं तें वेळेवर, योग्य माणसाला, पुरेसें देऊन टाकणें एवढाच त्याचा सदुपयोग आहे. आणि तो साधावयास अणुभट्टीइतकीच घड्याळाची व शेजाऱ्याच्या गरजेची जाणीव लागते.